आर्जियानं बारीपर्यंत ठेवलेली नावं

आर्जिया मालागुतीला देवानं जीभ दिली, आणि ती गप्प कशी ठेवायची हे सांगायचं मात्र राहून गेलं. देवाच्या कामात खोट काढू नये हे मला कळतं. पण या बाईच्या शेजारच्या सीटवर बसून मी उत्तरेतल्या आमच्या मोदेनापासून पार दक्षिणेतल्या बारीपर्यंतचा प्रवास केला आहे, तेव्हा एवढं लिहायला त्याची ना नसावी.

आर्जिया ही आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण. तिला कुणी नेमलं नाही, ती आपली आपण झाली. सणाच्या आधी आम्ही बायका चर्चच्या तळघरात जमून तोर्तेल्लिनी वळतो. अंड्यांत मळलेली कणीक काठीएवढ्या लांब लाटण्यानं लाटायची, तिचे बारके चौकोन करायचे, आत मांसाचं सारण भरायचं आणि करंगळीभोवती गुंडाळून चिमटायचं. आर्जिया प्रत्येकीची लाटलेली पारी दोन्ही हातांवर उचलून खिडकीसमोर धरते. पारीतून पलीकडचा घंटेचा मनोरा दिसला तर ठीक. नाही दिसला तर लाटणारीकडे न बघता म्हणते, "ही कोंबड्यांना घाला." सुताराची नवी सून एकदा रडत घरी गेली, ती आता वेदीवर फुलं लावायच्या कामाला असते. फुलांना चव नसते हे तिचं नशीब.

तिचा नवरा नेल्लो चीजच्या कारखान्यात होता. सज्जन माणूस. जेवताना त्याच्या तोंडून "चांगलं झालंय" एवढेच दोन शब्द यायचे, तेही विचारल्यावर. तो गेला तेव्हा मी तिला धरून बसले होते. रडता रडता ती म्हणाली, "देल्फीना, हॉस्पिटलातलं सूप पिऊन गेला गं माझा नेल्लो. कोंबड्याचा रस्सा म्हणे! पिवळं गरम पाणी होतं ते नुसतं." नवऱ्याच्या मरणातसुद्धा हिला रश्शाची खोट आधी दिसली.

मुलगा एर्मेस, एकुलता एक. विजेची कामं शिकला, बोटींवर तारा ओढायला म्हणून बारीला गेला, आणि तिथल्या पोर्झियाशी लग्न करून तिथलाच झाला. लग्नाच्या जेवणात आर्जियानं वाढप्याला हाक मारून लोणी मागितलं. बारीमध्ये, जिथे लहान मूलसुद्धा ऑलिव्हच्या तेलावर वाढतं! तेवढ्यानं भागलं नाही. तिथल्या पिठात अंडं घालत नाहीत, रवाळ पीठ आणि पाणी एवढंच. तर भर पंगतीत तिनं विहीणबाईंना विचारलं, "अंडी फार महाग आहेत का हो तुमच्याकडे?" क्रेशेन्झाबाई काही बोलल्या नाहीत. पोर्झियाही बोलली नाही. पण इलारिया जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, तरी ती पोर आजीकडे एकदाही राहायला आली नाही. दर उन्हाळ्यात काही ना काही निघायचंच.

आर्जियाला त्या नातीचा ध्यास लागला होता. लाटणं हातात घ्यायचं वय असतं, ते निघून गेलं की मनगट वळत नाही, असं तिचं म्हणणं. "माझ्यामागे कोण लाटणार गं? तू? तुझ्या पारीवर जोडे शिवता येतील." हे ती मला बोलली. मी जपमाळ काढली आणि मनातल्या मनात तिच्यासाठी एक प्रार्थना म्हटली. दुसरी माझ्यासाठी म्हटली, कारण हातात लाटणं होतं.

या मे महिन्यात फादर ओरेस्तेंनी संत निकोलसच्या सणाला बारीची यात्रा काढली. एर्मेसनं आईला फोनवर बजावलं, "आई, जेवायला घरी ये. क्रेशेन्झाआई रांधणार आहेत. ताटात पडेल ते खायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द! जेवण गोडीत झालं तर मी पोर्झियाकडे सुट्टीचं काढतो. नाहीतर माझं नाव घेऊ नकोस."

म्हणजे एका जेवणापुरतं तोंड मिटायचं, आणि नात उन्हाळाभर हिच्या घरात. मला वाटलं, एवढं तर गाढवालाही जमेल.

बस सुटली तशी आर्जियानं मला तिचा बेत सांगितला. "हे बघ, मी आत काही ठेवतच नाही. बारीपर्यंत जे जे मिळेल त्याला जे म्हणायचं ते म्हणून टाकते. तिथे पोचेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असेल."

"अगं, तुझ्या आतलं संपतं कधी?"

"म्हणून तर लांबच्या रस्त्यानं चाललोय."

तिच्या हातपिशवीत जपमाळ, पार्मेझान चीजचा एक दगडासारखा तुकडा आणि किसणी अशी तीन शस्त्रं होती. आम्ही रोझरीला, म्हणजे माळेच्या जपाला, सुरुवात केली, आणि पाचांतल्या तिसऱ्या रहस्याला तिची माळ किसणीच्या भोकांत अडकली. "जय मरिये" म्हणत ती माळ ओढतेय, मणी चीजच्या भुशानं पांढरे झालेत, आणि पुढच्या सीटवरची बाई हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबतेय. अशा प्रार्थनेचं वर काय होत असेल ते वरच्यालाच माहीत.

पहिला थांबा रिमिनीच्या अलीकडे. तिथे तव्यावरची जाड भाकरी मिळते, दुमडून आत ओलं चीज भरतात. मी आवडीनं घेतली. आर्जियानं घास घेतला, चावला, थांबली. "बरी आहे," ती म्हणाली. मी चकित झाले. मग पुढे म्हणाली, "ज्याचं घर जळालंय त्याला." भाजणारी पोरगी समोरच उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणालात, मावशी?" "म्हटलं, भूक लागली की कळतं." फादर ओरेस्ते पाठमोरे होऊन समुद्र बघत राहिले. त्यांनाही आवाज ओळखू येतो.

लोरेतोला उतरलो ते जेवणाच्या वेळेला. तिकडे थरांचा एक प्रकार करतात, पातळ पाऱ्यांच्या मधे कोंबडीचा कलेजी-पोटा बारीक करून घातलेला, वर पांढऱ्या सॉसची दाट साय. आर्जियानं काट्यानं एकेक थर उचलून बघितला, पोलिसानं बिछाना तपासावा तसा. "पारी जाड. मांस कुणाचं ते मांसालाही ठाऊक नाही. आणि हा पांढरा चिकट लेप भिंतीला द्यायचा असतो, पोटाला नाही." वर तिनं किसणी काढली आणि ताटावर आपलं चीज पाडलं. हॉटेलवाला आला. जाडा, घामेजलेला, चांगल्या स्वभावाचा माणूस.

"मावशी, चीज आमचंही असतं हो यात."

"असेल. मग लपवलंय कशाला?"

जेवून आम्ही मरियामातेच्या पवित्र घरात गेलो. नाझरेथहून देवदूतांनी उचलून आणलेलं ते घर. तिथल्या मातेच्या काळ्या मूर्तीसमोर गुडघे टेकले की माझे डोळे आपोआप भरतात. आर्जियाही गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं, नातीसाठी मागतेय बिचारी. तेवढ्यात कानाशी कुजबूज आली, "जायफळ जास्त होतं."

पुढे अब्रुझ्झोत मिळालेल्या, काडीला खोचलेल्या मटणावर ती जे बोलली ते मी लिहीत नाही, कारण त्यात काडीचाही उल्लेख होता आणि तिथल्या बायकांच्या नवऱ्यांचाही. ड्रायव्हर लोरिस एवढा हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. "मावशी, पुढच्या यात्रेला तुम्हाला माझ्या खर्चानं नेतो," तो म्हणाला. "मग जेवणाचं तू बघ," आर्जिया म्हणाली, "चाकं फिरवायला काय लागतं."

खरं सांगायचं तर रस्साच नाही त्या मुलखात, हे मलाही कबूल. खाली दक्षिणेला जावं तसा टोमॅटो वाढतो आणि कोंबडी आटत जाते. पण मला ओठ दिलेत ते मिटायला, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. आर्जियाच्या आईला वेळ झाला नसावा.

बारीला पोचलो तेव्हा आर्जिया खरोखरच रिकामी दिसत होती. जुन्या शहरातल्या गल्लीत दारोदार बायका टेबलं टाकून बसल्या होत्या, पिठाच्या वळीचा तुकडा सुरीनं ओढायचा आणि अंगठ्यावर उलटायचा की झाला पास्त्याचा एक कान. हात बघण्यासारखे चालत होते. आर्जियानं बघितलं, श्वास आत घेतला. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं तो श्वास तसाच सोडून दिला, बिनशब्दांचा. संत निकोलसचे चमत्कार ऐकून होते, हा मी पाहिला.

क्रेशेन्झाबाईंचं घर तळमजल्यावर, दार थेट गल्लीत. लहानखुऱ्या, काळ्या कपड्यांतल्या, केस घट्ट मागे बांधलेले. मला म्हणाल्या, "या ताई, बसा. विहीणबाई, तुम्ही इथे, पंख्याखाली." बोलण्यात साखर होती, पण मोजून घातलेली. पोर्झिया भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी. इलारिया आर्जियाला बिलगली आणि लगेच आईकडे बघून थोडी बाजूला झाली. एवढीशी पोर, पण तिलाही ठाऊक होतं की आज काहीतरी ठरायचंय.

त्यांच्याकडे एक प्रकार करतात, पाहुण्यालाच करतात. शेवया पाण्यात उकडायच्या नाहीत, कोरड्याच्या कोरड्या लोखंडी तव्यात टाकायच्या, तेल, लसूण, मिरची आणि टोमॅटोचं पातळ पाणी पळीपळीनं घालत राहायचं, आणि मुद्दाम करपू द्यायचं. तवा चरचरतो, शेवया तळाला धरतात, काळ्या होतात, तेव्हा उलटायच्या. तो तवा क्रेशेन्झाबाईंच्या आजीचा होता, कोळशासारखा काळा आणि आतून काचेसारखा गुळगुळीत.

तव्यातून धूर निघाला तशी आर्जिया अर्धी उठली. एर्मेसनं नुसतं बघितलं. ती बसली. धूर वाढला. तिनं टेबलाची कड धरली. आमच्याकडे तळ लागला तर बाई शेजारणीला तोंड दाखवत नाही, आणि इथे क्रेशेन्झाबाई तव्याला कान लावून म्हणत होत्या, "अजून थोडं. अजून बोलत नाहीये."

ताट आलं. अर्धं लाल, अर्धं काळं. आर्जियानं हातपिशवीकडे हातसुद्धा नेला नाही. खाल्लं. मिरचीनं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसलं आणि खाल्लं. क्रेशेन्झाबाईंनी विचारलं, "विहीणबाई, कसं झालंय?"

गल्लीतल्या मांजरीसुद्धा थांबल्या असतील.

"चांगलं झालंय," आर्जिया म्हणाली. नेल्लोचेच दोन शब्द, त्याच्याच पडेल आवाजात.

क्रेशेन्झाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तव्याच्या तळाची सगळ्यात काळी खरवड उचटून तिच्या ताटात वाढली, तो मान फक्त घरच्या माणसाला देतात. आर्जियानं ती खरवडही खाल्ली. कुरकुर आवाज येत होता. पोर्झियाच्या हातांची घडी सुटली. एर्मेसनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि बायकोला म्हणाला, "यंदा सुट्टीत इलारियाला थोडे दिवस आजीकडे…" पोर्झिया म्हणाली, "बघू. संध्याकाळी बोलू." तिकडच्या सुनेचं "बघू" म्हणजे निम्मं हो.

जेवणानंतर त्या मुलखात सगळं निजतं. गल्ली निजते, कुत्री निजतात, मीही खुर्चीत जपमाळ हातात घेऊन पेंगले. मला जागं केलं ते आर्जियानं. गाल लाल, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की प्रभुभोजन घेऊन आल्यासारखा.

"बघ," ती हळूच म्हणाली.

तिच्या हातात तवा होता. राखाडी, चकचकीत. तव्यात माझं तोंड दिसत होतं.

"साबण घातला, तारेच्या घासणीनं घासला. अगं, किती पिढ्यांची घाण! नखानं खरवडली तर पापुद्रे निघत होते. म्हातारीच्या हातांत जोर उरला नाही, सूनही… म्हणजे लेकही लक्ष देत नाही. तोंडानं मी काही बोलले नाही ना? एक शब्द नाही. म्हटलं, निदान हातानं काहीतरी उपकार करून जावं."

मी काही म्हणायच्या आत पडदा सरला आणि क्रेशेन्झाबाई बाहेर आल्या. त्यांनी तवा पाहिला. घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोट फिरवलं.

"काय लावलंत?"

"साबण," आर्जिया अभिमानानं म्हणाली.

क्रेशेन्झाबाई खाली बसल्या. तवा मांडीवर घेऊन बसल्या. "माझी आई कागदानं पुसायची," त्या म्हणाल्या, कुणाला असं नाही. "पाण्याचा थेंब नाही. आजीनं हा तवा काळा केला. आजीनं." आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं गल्ली जागी झाली. समोरच्या दारातली शेजारीण सपाता फटकारत आली.

"कोण गेलं गं?"

"तवा," पोर्झिया म्हणाली.

"अगं आई गं! कुणी?"

"उत्तरेकडच्या विहीणबाईंनी. घासला."

"घासला?" शेजारणीनं छातीवर क्रूस काढला. "काळं दिसलं की घासायचं, एवढंच शिकवतात का हो तुमच्याकडे? नशीब आमच्या काळ्या कपड्यातल्या म्हातारीला नाही घातलं साबणात!"

आर्जियानं एकदा तव्याकडे, एकदा क्रेशेन्झाबाईंकडे बघितलं. तिला खरंच कळत नव्हतं. "मी तर चांगल्यासाठी…"

"चांगल्यासाठी!" पोर्झियाचा आवाज चढला. "लग्नात लोणी मागितलंत तेही चांगल्यासाठी. सासूबाई, तुम्ही काही बोलत नाही तेव्हा तर जास्तच बोलता. इलारिया कुठेही जाणार नाही. माझ्या पोरीला मी घासायला पाठवत नाहीये."

एर्मेस डोकं धरून उभा होता. मग शांतपणे म्हणाला, "आई, तुझा लाटायचा फळा आणि लाटणं कुणी नळाखाली धरून साबण लावला असता तर?"

आर्जियाच्या लाटण्याला आजवर पाणी लागलेलं नाही. सणाच्या वेळी तळघरात कुणाचा ओला हात जरी लागला तरी ती ते कापडात गुंडाळून घरी घेऊन जाते. मला वाटलं, आता तरी. आता तरी हिच्या डोक्यात उजेड पडेल. तिनं वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली,

"ते लाकूड आहे."

देवा, मला क्षमा कर, मला तिथल्या तिथे ती घासणी उचलून तिच्या तोंडात कोंबावीशी वाटली. स्वतःच्या गावाबाहेरचं काहीच जिच्या डोक्यात शिरत नाही, अशा बाईला यात्रेला कशाला न्यायचं? तिला तळघरातच पाऱ्या तपासत ठेवावी. संतांनी तिला काय द्यावं, ती संताच्या प्रसादातही मीठ बघेल.

इलारिया मात्र आर्जियाकडेच बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. आर्जियानं ते पाहिलं. मग वळून क्रेशेन्झाबाईंना विचारलं, आणि हा प्रश्न तिनं आयुष्यात कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही:

"आता हा काळा कसा करायचा?"

"जाळून," क्रेशेन्झाबाई म्हणाल्या. "रोज तेल, रोज शेवया, रोज जाळायच्या. आणि जळलेलं टाकायचं नाही, खायचं. सुरुवातीला नुसता लोखंडाचा वास मारतो. कुत्रंही तोंड लावत नाही. या घरात कोण खाणार ते?"

"मी खाईन," आर्जिया म्हणाली.

माफी मागायचं तिला येत नाही. तेवढं तिला येत होतं, ते तिनं केलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बस निघाली, आर्जिया आली नाही. तिची बॅग घ्यायला एर्मेस आला. फादर ओरेस्तेंनी विचारलं, "आई कशी आहे?" तो म्हणाला, "खातेय, फादर. तोंड वाकडं करून खातेय." परतीच्या वाटेवर बसमध्ये इतकी शांतता होती की रोझरीची पाचही रहस्यं धड पूर्ण झाली, आणि लोरिस म्हणाला की असा कंटाळवाणा प्रवास त्यानं कधी केला नव्हता.

परवा मी फोन लावला. सणाच्या तोर्तेल्लिनीचं विचारायचं होतं, पारी कोण तपासणार म्हणून.

"तूच बघ. मनोरा दिसला नाही तर कोंबड्यांना घाल," ती घाईघाईनं म्हणाली. मागे काहीतरी चरचरत होतं, गल्लीतल्या बायकांचा कलकलाट होता.

"कधी येतेस?"

"कडा काळ्या झाल्यात, मध्ये अजून राखाडी आहे. आणि समोरच्या दारातली ती बया आहे ना, तिच्या तव्याला काही अर्थ नाही. एकाच बाजूनं करपवते. त्याला काय करपवणं म्हणतात?"

"आणि इलारियाला कधी पाठवणार म्हणाली पोर्झिया?"

तिनं ऐकलंच नाही. तिचं तोंड फोनपासून लांब गेलं होतं, आणि ती ओरडत होती, "इलारिये, हात मागे घे! अजून नको उलटूस, करपू दे!"